हे ०.३६ आलं कुठून?

पलूस तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांचा फोन सकाळी सातलाच आला. सकाळची पाळी चालू होती, मागं कॅनची आदळआपट ऐकू येत होती. "साहेब, दहा दिवसांचं बिल संघाच्या बिलाला जुळंना बघा. आमच्याकडनं उत्पादकाला जास्त जातंय, संघ आम्हाला कमी देतोय. मधलं पैसं मी कुठनं घालू?"

आम्ही सांगलीत विश्रामबागेत बसून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. शेतकरी दूध घालतो, काट्यावर ते मोजलं जातं, फॅट आणि डिग्री (दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवरचा आकडा) तपासली जाते. त्या दोन्हींवरून एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरणारा घन भाग निघतो आणि दरपत्रकात बघून रक्कम ठरते. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरलेला असतो, त्याखाली गेलं की पॉइंटामागं पैसे कापले जातात. एसएनएफ काढायचं आमचं सूत्र असं: डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६.

गोंधळ या शेवटच्या आकड्यात होता. आठवडाभर आधी आमच्याकडच्या एका नव्या मुलानं तिथं ०.४४ केलं होतं. २९ डिग्री आणि ३.५ फॅटचं दूध घ्या. जुन्या आकड्यानं ८.३४५ येतं, नव्यानं ८.४२५. आम्ही दशांशानंतरचा एकच अंक ठेवून पुढचं कापतो, त्यामुळं पावतीवर ८.३ च्या जागी ८.४ छापलं गेलं. सरळ एक पॉइंट वर. आठवडाभरात उत्पादकांकडून एकही तक्रार आली नव्हती. संशय खरं तर तेव्हाच यायला हवा होता.

मुलावर ओरडायला तोंड नव्हतं. हेच सूत्र वेगवेगळ्या ठिकाणी शेवटचा आकडा वेगवेगळा घेऊन वापरतात; लॅक्टोमीटर कुठल्या तापमानाला जुळवलेला आहे, यावरही ते अवलंबून असतं. त्याला इंटरनेटवर ०.४४ दिसलं, आमच्या कोडमध्ये ०.३६ दिसलं, आणि त्या आकड्याशेजारी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. त्याला ती टायपिंगची चूक वाटली. ज्यानं ते मुळात लिहिलं तो सुहास सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेला. सांगलीतल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांचं हे ठरलेलंच आहे: पोरगं येतं, दोन वर्षांत तयार होतं आणि हिंजवडीची वाट धरतं. जाताना लॅपटॉप परत देतं, डोक्यातलं घेऊन जातं.

आम्ही काही लिहूनच ठेवलं नव्हतं असंही नाही. ऑफिस पूर्वी गावभागात तळमजल्यावर होतं, तिथं कपाटात एक जाड फाइल होती. प्रोग्रामचा कुठला भाग काय करतो, सगळं छापून लावलेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा ती फाइल कपाटासकट गेली. पण खरं सांगू का, फार बिघडलं नाही. त्या फाइलीत शेवटचं पान २०१६ साली लावलेलं होतं आणि कोड रोज बदलत होता. पूर यायच्या आधीच ती फाइल मेलेली होती, पुरानं फक्त अंत्यविधी केला.

कोड एकीकडं आणि त्याची माहिती दुसरीकडं ठेवली की असं होतं. म्हणून ती माहिती कोडमध्येच, ज्या ओळीबद्दल आहे तिच्या डोक्यावर लिहायची, आणि नीट वाचता येतील अशी पानं करायचं काम एका प्रोग्रामला द्यायचं, ही पद्धत निघाली. तिला डॉक्युमेंटेशन जनरेशन म्हणतात. नाव मोठं वाटतं, पण आतली गोष्ट तशी साधी आहे.

कंपायलर जे टाकून देतो

कोड संगणकासाठी असतो. त्याच्या मधेमधे माणसासाठी लिहिलेली टीप म्हणजे कॉमेंट. कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, कोड वाचत येतो आणि कॉमेंट लागली की ती मोकळ्या जागेसारखी धरून पुढं जातो. त्यामुळं कॉमेंटमध्ये तुम्ही पोह्यांची कृती लिहिली तरी प्रोग्राम चालतो. आणि त्यामुळंच कॉमेंटमध्ये धडधडीत खोटं लिहिलं तरी अडवायला कुणी नसतं. या दुसऱ्या गोष्टीकडं पुन्हा येणार आहे, ती महागात पडते.

डॉक्युमेंटेशन काढणारा प्रोग्राम कंपायलरच्या उलट वागतो. तोही तोच कोड वाचतो, पण फंक्शनच्या, म्हणजे एक ठरलेलं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, पोटात काय हिशोब चाललाय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. तो फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, त्यातून काय मिळतं एवढं उचलतो आणि त्याच्या लगत असलेली टीप काढून त्याला चिकटवतो. असं हजारो ठिकाणी करून एचटीएमएलची पानं तयार करतो. डावीकडं सूची, वर शोधायची चौकट, आणि एका फंक्शनच्या टिपेत दुसऱ्याचं नाव आलं की त्यावर बोट ठेवून तिकडं जायची सोय.

पण सगळ्याच टिपा पानावर आणून चालत नाही. "इथं उद्या बघू" अशाही टिपा कोडमध्ये असतात. म्हणून खूण ठरवलेली असते. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये साधी कॉमेंट तिरकी रेघ आणि एका चांदणीनं सुरू होते. दोन चांदण्या दिल्या, /** अशा, की ती पानावर जायची टीप. कंपायलरला दोन्ही सारख्याच, त्याच्या दृष्टीनं एक चांदणी जास्त पडली एवढंच. गो या भाषेत खूणसुद्धा नाही. फंक्शनच्या बरोबर वर, मधे रिकामी ओळ न सोडता लिहिलेली कॉमेंट हीच त्याची माहिती. मला हा साधेपणा आवडतो, पण आमच्याकडं गोमध्ये काम नाही.

या कल्पनेचा एक थोरला पूर्वज आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडलं की प्रोग्राम माणसाला वाचायला लिहावा, एखाद्या निबंधासारखा, आणि त्याच लिखाणातून एका बाजूनं संगणकासाठी कोड आणि दुसऱ्या बाजूनं छापायचा मजकूर काढावा. त्यांचं टेक्स हे छपाईचं सॉफ्टवेअर त्यांनी याच पद्धतीनं लिहिलं. पद्धत थोर होती, पण पाळायला तपश्चर्या लागते. पुढं १९९६ मध्ये जावाबरोबर जावाडॉक आलं आणि त्यानं निबंध सोडून फक्त टिपा उचलल्या. १९९७ मध्ये दिमित्री फान हेश यांनी डॉक्सिजन काढलं, ते सी प्लस प्लससकट बऱ्याच भाषांना चालतं. पायथॉनवाल्यांसाठी २००८ मध्ये गेओर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स केलं, मुळात पायथॉनच्याच माहितीपानांसाठी. आमच्याकडं ही तिन्ही आहेत. काट्याशी आणि फॅट मशीनशी बोलणारा भाग सी प्लस प्लसमध्ये, बिलाचा हिशोब पायथॉनमध्ये, आणि उत्पादकाच्या मोबाइलवरचं ॲप जावात. घरात तीन चुली असल्यासारखं आहे, पण जुनं घर म्हटलं की असं व्हायचंच.

पायथॉनची गंमत वेगळी आहे. तिथं ही टीप कॉमेंट नसतेच. फंक्शनच्या आत पहिल्याच ओळीला तीन-तीन अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे डॉकस्ट्रिंग. पायथॉन तो टाकून न देता फंक्शनबरोबर सांभाळून ठेवतो. प्रोग्राम चालू असतानाही 'हेल्प' म्हणून विचारलं तर तोच मजकूर समोर येतो. एसएनएफ काढणाऱ्या फंक्शनची आमची आजची डॉकस्ट्रिंग अशी आहे. खऱ्या कोडमध्ये खुणा, नावं आणि अंक रोमन लिपीत आहेत, इथं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो.

"""डिग्री आणि फॅटवरून एसएनएफ काढतो.

०.३६ हा आकडा संघानं ठरवलेला आहे. संघाचं बिल याच आकड्यानं निघतं.
इतर ठिकाणी ०.४४ दिसेल. संघाचं पत्र आल्याशिवाय बदलायचा नाही.

:पॅरम डिग्री: तापमानाची दुरुस्ती केलेली, लॅक्टोमीटरवर वाचलेली थेट नव्हे
:पॅरम फॅट: टक्क्यांत
:रिटर्न्स: दशांशानंतर एक अंक, पुढचं कापलेलं, जवळच्या अंकाला नेलेलं नाही

>>> एसएनएफ(२९, ३.५)
८.३
"""

पहिली ओळ म्हणजे सारांश. सूचीच्या पानावर शेकडो फंक्शनं एकाखाली एक येतात, तिथं प्रत्येकासमोर हीच ओळ दिसते. नंतरच्या परिच्छेदात कारण. पॅरम म्हणजे फंक्शनला काय द्यायचं, रिटर्न्स म्हणजे काय मिळणार. डॉक्सिजन आणि जावाडॉकमध्ये याच खुणा ॲटच्या चिन्हानं लिहितात, अर्थ तोच. या टिपेत सगळ्यात कामाचं वाक्य कुठलं विचाराल तर ते रिटर्न्सचं आहे. "पुढचं कापलेलं" हे दोन शब्द लिहिलेले नसते तर पुढचा माणूस ८.०९५ सारख्या आकड्याला कापायचं की जवळच्या अंकाला न्यायचं, यात अर्धा दिवस घालवणार. तीन टोकदार कंसांची ओळ शोभेची नाही, तिच्याकडं पुढं येतो.

रुपयाचा पूर्णविराम

आता एक फजिती. ॲपच्या जावा कोडमध्ये आम्ही टिपा मराठीत लिहायचं ठरवलं. यंत्राला भाषेचं सोयरसुतक नसतं, फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली आणि जावाडॉकला तसं सांगितलं की मराठी व्यवस्थित येतं. पानं तयार झाली, सूची उघडली, आणि एकाखाली एक दिसलं: "दर रु.", "कपात रु.", "उचल रु." बस्स, पुढं काही नाही.

झालं असं की जावाडॉक टिपेतलं पहिलं वाक्य सारांश म्हणून घेतं, आणि पहिला पूर्णविराम येऊन त्यानंतर मोकळी जागा आली की वाक्य संपलं असं धरतं. आम्ही लिहिलं होतं, "दर रु. प्रति लिटरमध्ये देतो." यंत्राला 'रु.'चा पूर्णविराम आणि वाक्याचा पूर्णविराम यातला फरक कळायचं कारण नाही. डॉक्सिजनमध्येही जावासारखा आपोआप सारांश घ्यायची सेटिंग चालू केली तर हेच होतं. उपाय हास्यास्पद सोपा: 'रु.' ऐवजी 'रुपये' लिहायचं. 'डॉ.', 'कि. मी.', 'ता. पलूस' यांचंही तसंच. मराठीत टिपा लिहिणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

दुसरी फजिती स्फिंक्सची, आणि ती जास्त शिकवून गेली. डॉक्सिजन फाइल नुसती वाचतं, चालवत नाही. स्फिंक्समधला ऑटोडॉक हा भाग मात्र डॉकस्ट्रिंग मिळवायला पायथॉनची फाइल खरोखर इम्पोर्ट करतो. इम्पोर्ट केलं की त्या फाइलीत फंक्शनच्या बाहेर जे काही लिहिलेलं असतं ते चालतं. आमच्या एका फाइलीत कुणीतरी सगळ्यात वरच काट्याचं पोर्ट उघडायची ओळ लिहून ठेवली होती. ऑफिसातल्या मशीनला काटा कुठला असायला? डॉक्युमेंटेशन तयार करायला बसलेला प्रोग्राम "काटा सापडत नाही" म्हणून बंद पडायचा आणि आम्ही दोन दिवस स्फिंक्सला शिव्या घालत होतो. चूक आमचीच होती. असं काम इम्पोर्टच्या वेळी व्हायलाच नको. तिथं काट्याऐवजी डेटाबेस असता आणि उघडण्याऐवजी पुसण्याची ओळ असती, तर हा लेख लिहायच्या मनःस्थितीत मी नसतो.

घरातल्यांसाठी वेगळं, पाहुण्यांसाठी वेगळं

एकाच कोडची माहिती दोन तऱ्हेच्या लोकांना लागते. एक म्हणजे बाहेरचे. उदाहरणार्थ, आमचे आकडे आपल्या हिशोबात ओढून घेणारा संघाचा प्रोग्रामर. त्याला दाराबाहेरून काय मागायचं आणि काय मिळेल एवढं कळलं तरी पुरतं. दुसरे आतले, म्हणजे कोडला हात लावणारे आम्ही. आम्हाला माजघरातलं सगळं लागतं: हे फंक्शन असं वेडंवाकडं का आहे, हा जुना प्रकार अजून का ठेवलाय, कुठल्या फॅट मशीनचं कुठलं मॉडेल रिकामी ओळ जास्त पाठवतं.

ही अवजारं मुळात पाहुण्यांचा विचार करून बनलेली आहेत. जावाडॉक नेहमीच्या सेटिंगला खासगी फंक्शनं दाखवतच नाही. डॉक्सिजनही नाही. आतल्या लोकांसाठी पानं काढायची तर खासगीसुद्धा दाखव असं मुद्दाम सांगावं लागतं. डॉक्सिजनमध्ये आणखी एक चांगली सोय आहे. टिपेत 'इंटर्नल' अशी खूण करून पुढं जे लिहाल ते फक्त आतल्यांच्या प्रतीत येतं, बाहेरच्या प्रतीत गाळलं जातं. म्हणजे एकाच टिपेतून दोन प्रती निघतात.

ही खूण आम्हाला माहीत होती, पण वापरायचा आळस होता. एकदा एका संघाच्या माणसाला पानं पाठवली आणि तासाभरात त्याचा फोन आला. तो हसत होता. "तुमच्या कोडमध्ये आमच्या सर्व्हरबद्दल काय लिहिलंय ते वाचलं." लिहिलं होतं, "यांचा सर्व्हर संध्याकाळी झोपतो, तीन वेळा उठवावं लागतं." माहिती खरी होती, आतल्या माणसाला गरजेची होती, फक्त नको त्या घरात गेली. बरं, माणूस मोठ्या मनाचा निघाला.

यावरून एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: कॉमेंटमध्ये पासवर्ड, कुणाचा मोबाइल नंबर, बँकेचा तपशील कधीच लिहायचा नाही. आतल्यांसाठी म्हणून लिहिलेली टीप कधी ना कधी बाहेर जातेच.

आडात नाही तर

पहिल्यांदा डॉक्सिजन चालवलं त्या दिवशी ऑफिसात आनंदीआनंद होता. एकाच कमांडनं हजारभर पानं! ग्राफव्हिझ जोडलं तर कुठलं फंक्शन कुणाला बोलावतं याची चित्रंही येतात, तीही आली. मग मी एसएनएफचं पान उघडलं. त्यावर होतं: फंक्शनचं नाव एसएनएफ, घेतं डिग्री, घेतं फॅट, देतं एक अपूर्णांक. अरे, हे मला कोड बघूनही कळत होतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

हे अवजार पोहरा आहे. दोर मजबूत, रहाट गुळगुळीत, पण पाणी तुम्ही आधी आडात असू द्यायला हवं. नाव, प्रकार, कोण कुणाला बोलावतं, हे सगळं कोडमध्येच असतं, ते यंत्राला न सांगता मिळतं. कोडमध्ये नसतं ते 'का'. ०.३६ का? कापायचं का, जवळच्या अंकाला का नाही? पेंडीची कपात आधी आणि उचलीची नंतर का? ते कुठल्यातरी बैठकीत, कुठल्यातरी पत्रात किंवा फोनवर ठरलेलं असतं.

म्हणून "प्रत्येक फंक्शनला टीप पाहिजेच" असा फतवा काढून काही साधत नाही. आम्ही काढून बघितला. महिन्याभरात सगळीकडं टिपा आल्या: "फॅट: फॅट", "बिल काढतो: बिल काढण्याचं फंक्शन." पोरांनी काम केलं, नियम पाळला गेला, एकाही माणसाला काही कळलं नाही. हल्ली असल्या टिपा लिहून द्यायला एआय आहे. तो "फॅटला ०.२१ नं गुणून ०.३६ मिळवतो" असं सुबक मराठीत लिहून देईल. पण संघाचं पत्र त्यानं वाचलेलं नाही, आणि आमच्या सचिवांना त्यानं कधी फोनवर ऐकलेलं नाही.

माझा आता साधा नियम आहे. ज्या ओळीवर येऊन नवीन माणूस थबकेल तिथं लिही, बाकीची सोड. याचं आमच्याकडचं सगळ्यात नमुनेदार उदाहरण म्हणजे त्याच सूत्राच्या पुढची ओळ. कापण्याआधी तिथं ०.००००१ मिळवलेलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, कुणाचा तरी वेडेपणा. पण ०.१ सारखे साधे अपूर्णांकही संगणक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत साठवतो आणि ते पूर्ण नेमके बसत नाहीत. त्यामुळं उत्तर ८.२ यायला हवं तिथं पोटात कधीकधी ८.१९९९९९ असं काहीतरी असतं. कापलं की ८.१. शेतकऱ्याचा एक पॉइंट गेला, त्याचा दोष नसताना. ते इवलंसं ०.००००१ त्या पॉइंटाची राखण करत बसलेलं आहे. आता त्याच्या डोक्यावर चार ओळींची टीप आहे. आधी नव्हती, आणि दोन वेळा दोन वेगवेगळ्या मुलांनी "साफसफाई" म्हणून ते काढून टाकलं होतं.

आणखी एक: "सुहासला विचारा" असली टीप लिहू नका. आमच्या कोडमध्ये ती सात ठिकाणी होती. सुहास पुण्यात आहे, आता त्याला दोन मुलं आहेत आणि फॅट म्हटलं की त्याला स्वतःच्या पोटाचा फॅट आठवतो.

खोटं बोलणारी टीप

आता मघाची राहिलेली गोष्ट. टीप लिहिताना खरी असते. मग कुणीतरी कोड बदलतो, टीप तशीच राहते आणि खोटी होते. कंपायलर कॉमेंट वाचत नाही, त्यामुळं तो काही बोलत नाही. टीप नसेल तर माणूस निदान कोड वाचतो. खोटी टीप असेल तर तो विश्वासानं खड्ड्यात जातो. मला विचाराल तर खोट्या टिपेपेक्षा कोरी जागा परवडली.

याला दोन बाजूंनी आळा घालता येतो. काही खोटं यंत्राला पकडता येतं. टिपेत 'डिग्री' म्हणून लिहिलंय आणि फंक्शनमध्ये त्या नावाचं काही उरलेलंच नाही, तर डॉक्सिजन इशारा देतं. टीप एका गोष्टीची आहे आणि फंक्शन आता दोन मागतंय, तरी देतं. पण इशारे पडद्यावरून सरसर वर जातात, वाचतो कोण? सांगलीकराला हे वेगळं समजवायला नको. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. चाळीसला लोक पाणी बघायला पुलावर जातात, सामान हलवतात ते पंचेचाळीसला. म्हणून आम्ही अवजाराला सांगून टाकलं की चाळीसलाच पंचेचाळीस समज: इशारा आला की चूक धर आणि काम थांबव. डॉक्सिजन आणि स्फिंक्स दोन्हींत अशी सेटिंग आहे. जुन्या कोडवर ती एकदम चालू करू नका, पहिल्याच दिवशी हजार चुका येतील आणि सगळे मिळून ती बंद करतील. नव्या फाइलींपासून सुरू करा.

दुसरा उपाय म्हणजे त्या तीन टोकदार कंसांची ओळ. पायथॉनमध्ये २००१ पासून, २.१ या आवृत्तीपासून, डॉकटेस्ट नावाचा भाग आहे. तो डॉकस्ट्रिंग चाळतो, तीन कंसांपुढं लिहिलेलं खरोखर चालवून बघतो आणि खाली लिहिलेल्या उत्तराशी अक्षरशः ताडतो. आमच्या टिपेत २९ आणि ३.५ दिलं तर ८.३ असं लिहिलेलं आहे. उद्या कुणी ०.३६ चं ०.४४ केलं तर उत्तर ८.४ येईल, टिपेतलं ८.३ जुळणार नाही आणि तो बदल पुढं जाणारच नाही. म्हणजे जी टीप कुणी वाचली नाही तरी चालायची, ती दारात काठी घेऊन बसली. रस्ट भाषेत तर हे अवजारातच आहे, टिपेतली उदाहरणं चाचण्यांबरोबर चालवली जातात. सी प्लस प्लसमध्ये आम्हाला असं आयतं काही नाही, तिथं चाचणी वेगळी लिहून टिपेत फक्त तिचा पत्ता देतो.

उदाहरण मात्र विचार करून निवडावं लागतं. पहिल्यांदा मी २८ डिग्री आणि ३.५ फॅट घेतलं होतं. ०.३६ नं ८.०९५ येतं, कापून ८.०. ०.४४ नं ८.१७५, कापून ८.१. तेही चाललं असतं. पण ऑफिसातल्या नव्या मुलीनं विचारलं, "सर, सचिवांची तक्रार आली तो दिवस घ्यायचा ना?" त्या दिवशीच्या पावतीवर २९ आणि ३.५ होतं. तेच घातलं.

टिपेत मावत नाही ते

फंक्शनवर चिकटलेल्या टिपा कितीही चांगल्या असल्या तरी त्या सुट्या विटा आहेत. काट्यावरचं दूध दहा दिवसांनी बँकेच्या खात्यात पैसे होऊन कसं जातं, मधे पेंड, उचल आणि मागची बाकी कुठं वजा होते, बिलापेक्षा कपात जास्त झाली तर उरलेली पुढच्या बिलात कशी ओढतात, ही गोष्ट कुठल्याच एका फंक्शनच्या डोक्यावर लिहिता येत नाही. ती हातानं, सलग, माणसानं माणसाला सांगितल्यासारखी लिहावी लागते. स्फिंक्सची खरी ताकद मला इथं वाटते. हातानं लिहिलेली पानं हाच त्याचा पाया आहे आणि कोडमधल्या टिपा त्यात हव्या तिथं बसवता येतात. आमची अशी पानं फक्त चार आहेत. तीही कोडच्याच गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला याची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात, ठेवली आहेत, म्हणजे कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यासमोर राहतात आणि पुराच्या पाण्यात जात नाहीत.

पानं रोज रात्री आपोआप नव्यानं तयार होतात आणि ऑफिसातल्या एका मशीनवर उघडता येतात. तयार झालेल्या पानांत कुणी हात घालून दुरुस्ती करायची नाही, केली तरी रात्री पुसली जाते. दुरुस्ती कोडमधल्या टिपेत. हे पचायला सगळ्यांना थोडे दिवस लागले.

०.३६ चं उत्तर शेवटी पुण्यातूनच आलं. सुहासला फोन केला, त्यानं जरा वेळ आठवलं आणि म्हणाला, "शीतकरण केंद्रात भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता बघ, त्यावरनं घेतलं." आम्ही गेलो. भिंतीला रंग दिलेला होता, कागद नव्हता. पण तिथल्या जुन्या तपासनिसांच्या वहीत ते सूत्र होतं, आणि संघाच्या दप्तरात मूळ पत्र निघालं. त्याचा जावक क्रमांक आणि तारीख आता डॉकस्ट्रिंगमध्ये 'इतर ठिकाणी ०.४४ दिसेल' या ओळीखाली आहे. वर मी ती गाळली, कारण ती आतल्या प्रतीतली ओळ आहे.

डॉक्सिजन 'टूडू', म्हणजे करायचं राहिलंय, अशी खूण केलेल्या सगळ्या टिपा गोळा करून एक वेगळं पान करतं. आमच्या त्या पानावर आज बावीस नोंदी आहेत. सगळ्यात वरची नोंद कपातीच्या हिशोबातली: "याला हात लावू नका." का, ते लिहिलेलं नाही. खाली नाव कुणाचं ते गिटमध्ये बघितलं. माझंच आहे, २०१४ सालचं.